दोन नळ्या, एकच तोंड

वडूजजवळची वाडी
११ फेब्रुवारी २०२५

बनुआत्या,

ओवीचा पाया पडून नमस्कार. रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. परवापास्नं असंच चाललंय. धैर्या पाळण्यात झोपतोय, घरातली समदी झोपत्यात, आनि मी आपली जिबंनं गालाच्या आतनं चाचपत बसते. का ते सांगाय म्हनून पत्र लिवाय घेतलं. फोनवर बोलता येत न्हाई. आमच्याकडं रेंज निस्ती अंगनात तुळशीपाशी, तितं उबं ऱ्हायलं की समद्या आळीला ऐकाय जातंय. आनि तुमच्यापाशी तरी फोन कुटं हाय? पाचवीपतोर शाळा झाली, तेवड्यावर लिवतेय. जी कोन वाचून दाकवंल तिनं समजून घ्यावं.

मागल्या म्हैन्यात आमच्या गावच्या शाळंत तोंडाची तपासनी आलती. तोंडाचा कॅन्सर थुंकीवरनं कळतोय म्हनं. सुई न्हाई, काय न्हाई. प्लॅस्टिकची नळी देत्यात, तिच्यात थुंकायचं, वर नावाची चिटी लावत्यात न् ती नळी मोठ्या गावाला तपासाय जाती. आमच्या आशाताईनं, प्रियदर्शनी तिचं नाव, घरोघर सांगितलं की ज्या बाया मिश्री लावत्यात त्यांनी पयलं यावं. आनि त्या सकाळी मिश्री लावू नगा, च्या बी पिऊ नगा.

मिश्री मी बी लावते आत्या. बाळंतपनात दाढ लय ठनकायची, तवा सासूबाईंनी तव्यावर तंबाकू काळी हुईस्तवर भाजली न् वाटून दिली. दाढ ऱ्हायली, सवं लागली. सकाळी एकदा न् जेवल्यावर एकदा, आमी दोघी परड्यात बसून लावतो. खरं सांगू का, सासरी मला तेवडीच घटका गोड लागती. सासूबाई तवाच माज्याशी बोलत्यात. एरवी मानूस करारी.

तर सासूबाईंनी तपासनीच्या आदी आठ दिस जावंला, गोदावरीकाकूंना, ठासून सांगितलं हुतं की म्या मिश्री सोडली. काकू म्हनल्या, "दगडाबाई, तू एक येळ नवरा सोडशील, मिश्री न्हाई सुटायची." समद्या बाया हासल्या. आनि त्या दिशी सकाळी सासूबाईंनी मागल्या दारी बसून लावलीच. शाळंत ग्येलो तर नळीवाली पोरगी म्हनती, कुनी लावली आसंल तर सांगा, त्यांना पुढल्या बारीला बोलावू. काकू म्होरंच उब्या. सासूबाईंचं त्वांड एवडंसं झालं. मला शाळंच्या भितीमागं नेलं न् आपली नळी माज्या हातात दिली. "ओवे, माजी बी तूच भर. थुंकी ती थुंकी."

मी दोनी नळ्या भरल्या.

परवा आशाताई आली. म्हनली, गावात दोनच नावं निगालीत, सासूबाईंचं न् तुजं. लगीच भिऊ नगा, ही निस्ती चाळन हाय, आता डॉक्टर डोळ्यानं तोंड बगनार.

तवापास्नं सासरं, नाथाजीमामा, धड जेवलं न्हाईत. सासूबाईंच्या उशापायथ्याला बसून असत्यात. माजं नाव कुनी काडत न्हाई. "कवळी पोर, हिला काय हुतंय," म्हनत्यात. आनि आमा दोघींनाच ठावं हाय की दोनी नळ्यांत मीच हाय. सासूबाई माज्याकडं बगत बी न्हाईत. परड्यात एवडंच म्हनल्या, "कुनाला बोलू नगंस. आपुन दोघी जायाच्याच हाय की डाक्टरकडं."

आत्या, दोनदा आलं म्हंजे मला दुप्पट हाय का? आनि धैर्याला अंगावर पाजू का नगो? कालपास्नं पाजलं न्हाई. म्हशीचं दूद वाटीनं देते, त्यो थुकून टाकतोय न् माजा पदर वडतोय. माजं त्वांड मी फिरवून बसते.

उत्तर आशाताईच्या पत्त्यावर धाडा. घरी नगो.

तुमची ओवी


तासगाव
१७ फेब्रुवारी

ओवी,

मी राजेश्वरी लिहितेय. बनुमावशींच्या शेडवर बेदाणा निवडायला असते. मावशी सांगतील तसंच लिहायचं, मधी माझं काय घालायचं न्हाई, असं त्यांनी आधीच बजावलंय.

अगं खुळे, एका हिरीतनं दोन घागरी काढल्या म्हणून पाणी दुप्पट खारं हुतंय का? एकच तोंड, एकच थुंकी. दुप्पट म्हणं! पाचवीपतोर शिकून हे शिकलीस व्हय?

तुझं पत्र ऐकलं न् माझ्या हातातलं पाटीभर बेदाणं खाली सांडलं. मालक बोलला. बोलू दे. तुझी आई गेल्यापास्नं तुला न् तुझ्या भावाला, सूरजला, ह्या हातानं भरवलंय म्या. त्या तोंडात काय झालंय ते मला कळाय नको?

आता ऐक. तुझ्या सासऱ्याला खरं सांग. सासूची अब्रू जाईल, तर जाऊ दे, मिश्रीच्या डबीएवढी तर अब्रू. त्यो माणूस बायकोसाठी उपाशी ऱ्हातोय न् जिच्यासाठी ऱ्हायाचं ती चुलीपाशी भाकरी थापतीया. हे बरं न्हाई. सूरजला सांगू का? द्राक्षाची गाडी घेऊन बंगळूरला गेलाय, चार दिसानं येईल.

तुझं नाव न सांगता शेडवरच्या बायांना म्या नळीचं सांगितलं. सगळ्या लावत्यात गं, मी बी लावते. मग दुपारच्या सुट्टीत एकमेकीच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं. हासू बी येत हुतं न् भ्या बी वाटत हुतं.

मावशी हात धुवाय गेल्यात तवर माझं लिहिते. माझी नणंद दवाखान्यात नर्स आहे, तिला विचारलं. दुधातनं बाळाला कॅन्सर होत न्हाई. अजिबात न्हाई. पण तंबाखू दुधात उतरते, म्हणून मिश्री आजच्या आज बंद कर आणि बाळाला पोटभर पाज. आल्या मावशी.

काय गं, काय लिवलंस? वाच. ...बरं लिवलंस. ऱ्हाऊ दे.

बनुआत्या


वडूजजवळची वाडी
२४ फेब्रुवारी

बनुआत्या, राजेश्वरीताई,

पत्र आशाताईच्या दारातच उब्यानं वाचलं न् पळत घरी येऊन धैर्याला पाजलं. त्यो पिताना माज्याकडं टकामका बगत हुता. मला लय रडू आलं. राजेश्वरीताई, तुमच्या नंदंला माजा नमस्कार सांगा.

मिश्री सोडली. डोस्कं उटतंय, हात कापत्यात, उगंच कुनावर बी खेकसते. बडीशेप चावते. सासूबाई परड्यात एकट्याच बसत्यात आता. त्यांनी बी डबी उघडल्याली मी बगितली न्हाई, पन इचारलं बी न्हाई.

सासऱ्यांना सांगाय जमलं न्हाई. दोनदा तोंडापतोर आलं. सासूबाई खोट्या पडतील आत्या, काकू जन्मभर टोचून खातील. आनि एक सांगते, सासूबाई आता माज्याशी लय गोड वागाय लागल्यात. सकाळी उटले की गलासभर दूद हातात देत्यात. पान्याची घागर उचलू देत न्हाईत. मला कळतंय की, मी त्वांड उघडू नये म्हनून चाललंय हे. त्यांची पाठ फिरली की दूद परत भांड्यात वतते.

सूरजला नगा सांगू. त्यो गाडी घेऊन थेट अंगनात येईल न् "माज्या बहिनीला मिश्री कुनी शिकवली" म्हनून समद्यांच्या अंगावर जाईल. मला उचलून घेऊन जाईल. मग धैर्याचे पप्पा काय म्हनतील? ते फौजेत, तिकडं अरुणाचलला बर्फात. त्यांना बी अजून सांगितलं न्हाई.

गालात काय तसं न्हाई. वाईच पांढरं हाय.

साताऱ्याला तारीक मिळाली, पाच मार्च.

ओवी


तासगाव
२८ फेब्रुवारी

ओवे,

वाईच म्हंजे केवढं? जोंधळ्याएवढं का हरभऱ्याएवढं? पहिल्या पत्रात त्याचं नाव बी काढलं न्हाईस. लहानपणी बी अशीच. पायात काटा मोडला तर चार दिस लंगडायचं न् म्हणायचं, आत्या, मी नाचतीया.

सूरजला मी अजून बोलले न्हाई. पण त्यो इचारतोय, ताईचा फोन का येत न्हाई. मी म्हणलं, पोराचं करती, सवड न्हाई. खोटं बोलाय लावतीस मला ह्या वयात.

सासू दूध देती तर पी. तोंड बंद करायला देत असंल तरी पी, दुधाला काय ठावं ते कशापायी दिलंय. अंगात ताकद ऱ्हाईल. पण साताऱ्याला गेल्यावर डॉक्टरापुढं "आ" केल्याबिगर माघारी फिरलीस तर मला पत्र लिहू नको. मी वाचून घ्यायची न्हाई.

(वाचून घेतील. पत्र आलं का म्हणून रोज पोस्टमनला विचारतात. – राजेश्वरी)

बनुआत्या


वडूजजवळची वाडी
८ मार्च

बनुआत्या,

आ केला. आता समदं सांगते.

आमी धैर्याला घेऊन सकाळच्या एस्टीनं ग्येलो. सासरं, सासूबाई, मी, आनि गोदावरीकाकू बी. काकूंना कुनी बोलावलं नव्हतं. "एवडा मोठा दवाखाना मी बगितला न्हाई," म्हनल्या न् बसल्या गाडीत.

तितं लाईन लय. नाव पुकारलं तवा सासऱ्यांनी सासूबाईंना हाताला धरून आत नेलं. दार उघडंच हुतं, मला दिसत हुतं. डॉक्टरीन तरनी, पन मायाळू. आरशाची काडी तोंडात घालून सगळीकडं बगितलं, जीब वर कराय लावली, गाल दाबला. म्हनली, "आजी, दात काळे झालेत, हिरड्या खाली गेल्यात, मिश्री सोडाच. पण जखम न्हाई, पांढरा चट्टा न्हाई. नळीत आलं म्हणजे आजार आहेच असं नसतं. म्हणून तर आम्ही डोळ्यांनी बघतो. सहा महिन्यांनी परत या."

आत्या, सासरं तितंच रडलं. एवडा दांडगा गडी, टोपीनं डोळं पुसत हुता. भाईर आलं न् म्हनलं, "मशीन चुकलं. चला, देव पावला." तेवड्यात शिपाई म्हनला, दुसरी बाई कोन हाय, तिचा नंबर जेवनाच्या सुट्टीनंतर. सासरं म्हनलं, "हिचं चुकलं तर पोरीचं बी चुकलंच आसंल की. वडूजची गाडी सुटंल. पोरगं रडतंय. पुढल्या बारीला बगू."

आनि मी उटले आत्या. तुमी एवडं बजावलं हुतं, तरी पिशवी उचलली, धैर्याला कडंवर घेतलं न् चालाय लागले. मला ठावं हुतं मशीन चुकलं न्हाई. पन सासऱ्यांचं ते हासरं त्वांड बगितलं न् वाटलं, आपलं बी चुकलंच आसंल. घरी जावं. भाकरी थापावी.

सासूबाई उटल्या न्हाईत. दवाखान्याच्या दारातच फरशीवर फतकल मारून बसल्या. सासरं म्हनलं, "आगं ऊट की, चक्कर आली का?"

"मशीन न्हाई चुकलं," त्या म्हनल्या. "मी चुकले. त्या दोनी नळ्यांत हिचीच थुंकी हाय. माजी न्हाईच."

"काय बोलतीयास?"

"मिश्री लावली हुती म्या त्या सकाळी. गोदीपुढं खोटी पडंन म्हनून हिला भराय लावली. दोनी वाईट आल्यात, दोनी हिच्याच. आता हिला न बगता कोन हालतंय तेच बगते मी."

लाईनीतली समदी मानसं बगाय लागली. मी काकूंकडं बगितलं. मला वाटलं, आता सुटंल तोफ. काकूंनी पदर कमरंला खोचला न् म्हनल्या, "दगडे, ऊट त्या फरशीवरनं, गार हाय. लाईन मी धरते." आनि दोनी हात पसरून दारात अशा उब्या ऱ्हायल्या की शिपायाला बी आत जाता येईना. शिपाई म्हनतोय, "मावशी, अवं सुट्टी हाय." काकू म्हनत्यात, "तुला आसंल. आमची पोरगी तपासाय आणलीया."

डॉक्टरीनच भाईर आली न् मला आत घेतलं. मी आ केला. तिनं दिवा जवळ वडला. मग म्हनली, "किती दिवस झाले हे?" मी म्हनलं, "दिवाळीच्या आदीपास्नं." गालात सुई टोचून बधिर केलं न् वाटान्याएवडा तुकडा काडून घेतला. टाकं घातलं. त्याचं काय ते पंदरा दिसांत कळंल म्हनली.

भाईर बाकड्यावर सासूबाई धैर्याला मांडीवर घेऊन बसल्या हुत्या. मला बोलता येत न्हवतं. त्याच बोलल्या. "रोज सकाळी तुला दूद देताना म्हनायचे, आज ह्यांना सांगीन. दूद दिऊन व्हायचं, त्वांड उघडायचं न्हाई."

म्या काय समजले हुते आत्या, आनि काय हुतं.

माघारी येताना एस्टीत खिडकीची जागा सासऱ्यांनी मला दिली न् धैर्याला सोता घेतलं. त्यांनीच त्या सांजला तुळशीपाशी उबं ऱ्हाऊन धैर्याच्या पप्पांना समदं सांगितलं.

ओवी


तासगाव
१३ मार्च

ओवी बाळा,

पत्र तीनदा वाचून घेतलं. तुझ्या सासूला म्या मनात लय शिव्या घातल्या हुत्या, त्या आता काढून घेते. त्या बाईनं चारचौघांत फरशीवर बसून जे केलं ते मला जमलं नसतं. तिला सांग, तासगावच्या बनुबाईनं पाया पडून नमस्कार सांगितलाय. वयानं ती धाकली असंल, तरी बी सांग. त्या गोदावरीबाईला बी एकदा बघायचंय मला.

गालातला टाका दुखतोय का? मऊ भात, ताक, कोमट घे. तिखट लावू नको.

इकडं राजेश्वरीच्या नणंदेकडनं कळलं की ती नळीवाली तपासणी तासगावच्या बाजूला बी येणार हाय. म्या शेडवरच्या समद्यांना सांगून ठेवलंय, ज्या दिशी येईल त्या दिशी एकीनं बी मिश्रीला हात लावायचा न्हाई. माझी डबी राजेश्वरीपाशी दिलीया. रोज सांजला मागते. देत न्हाई, कैदाशीण.

तुकड्याचं कळलं की लगोलग कळव. काय का निघंना, मला खरं तेच कळव. "वाईच" लिहू नको.

बनुआत्या


मिरज, दवाखाना
२३ मार्च

बनुआत्या,

खरं तेच लिवते. कॅन्सर निगाला.

पन लहान हाय. डॉक्टर म्हनत्यात, गालाच्या आतल्या अंगाला हाय, खोल ग्येला न्हाई, गळ्यात गाठ लागत न्हाई, लवकर गावला. अजून चार-सा म्हैनं ग्येलं असतं तर जबडा काडाय लागला असता म्हनं. आता गालाचा आतला भाग काडनार न् मांडीची कातडी लावनार. परवा सकाळी आपरेशन हाय. पुढं मशीनची लाईट, शेक म्हनत्यात ती, देयाची का न्हाई ते मागनं ठरंल. मी डॉक्टरला एकच इचारलं, पोराचा मुका घेता येईल का. त्यो म्हनला, येईल, पन म्हैनाभर दम धरा.

मला भ्या वाटतंय आत्या. लय वाटतंय. सासूबाईंपुढं दाकवत न्हाई, तर त्या बी माज्यापुढं दाकवत न्हाईत. त्या धैर्याला घेऊन दवाखान्यासमोरच्या खोलीत ऱ्हायल्यात, वाटीनं दूद प्यायची सवं लावत्यात त्याला. आज गटागटा प्याला. सासूबाई हरकून मला सांगाय आल्या न् मी भितीकडं त्वांड करून रडले. पितोय त्याचं बी रडू आलं.

धैर्याच्या पप्पांना सुट्टी मिळालीया, पन तिकडनं गाडीनं याला येळ लागनार. आपरेशनच्या आदी पोचत न्हाईत.

काल सासूबाई माज्या खाटंवर बसल्या न् म्हनल्या, "तुज्या भावाला बोलाव. मला काय बोलायचं ते बोलू दे त्याला, मी खाली मान घालून ऐकंन. पन तुला आत नेताना तुज्या आईच्या पोटचं कुनीतरी दारात पायजे."

मी दोनदा फोन लावला. त्यानं उचलला, "बोल गं ताये" म्हनला, न् मला हुंदका आला. बंद केला. तिकडनं आला तर उचलला न्हाई. त्यो गाडीवर असतोय, भरल्या गाडीवर माजं रडनं ऐकलं तर काय हुईल? आनि सासऱ्यांनी लावला तर पयल्या शबूदालाच भांडान. तुमच्याकडनंच कळाय पायजे त्याला.

पोस्टानं हे येळंवर पोचायचं न्हाई. शेजारच्या खाटंवरच्या बाईचा मालक ज्योतिबा, त्यो आज सांजच्या एस्टीनं तासगावला निगालाय. त्याच्या हाती देते. शेडवर नेऊन देतो म्हनलाय.

राजेश्वरीताई, तुमी असाल तर तुमी. तुमी न्हाई तर जी कोन बाई, जो कोन बाप्या हे वाचत आसंल त्यानं. वाचता वाचता इतंच थांबा. आत्याला मागनं वाचून दाकवा, सावकाश, हाताला धरून. आदी माज्या भावाला, सूरजला, फोन लावा. नंबर मागल्या पानावर मोठ्या अक्षरात लिवलाय. गाडी चालवत आसंल तर म्हनावं, कडंला घे, मग ऐक. ताई जित्ती हाय. तोंडातलं काडनार हायत, मग बरी हुनार हाय. भांडाय येऊ नगंस, तिच्यापाशी बसाय ये. परवा सकाळच्या आत ये.

तेवडा फोन लावा.